चिठ्ठी पुढे, तांडा मागे
(सोपारा ते पैठण पायी प्रवास कसा आखावा)

१. दोन जुनी शहरे

आपल्या वसई तालुक्यात सोपारा आहे. आज आपण त्याला नालासोपारा म्हणतो. लोकलगाडीच्या गर्दीत कोणाच्या ध्यानात येत नाही, पण हे गाव २००० वर्षांहून जुने आहे. पूर्वी त्याला शूर्पारक म्हणत. येथे बंदर होते. दूरदेशीची गलबते येथे लागत. माल उतरे आणि घाटावर जाई.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यात खोदकाम केले. मातीखाली जुना स्तूप निघाला. त्याच साली अक्षरे कोरलेला एक दगडाचा तुकडाही मिळाला. ती अक्षरे सम्राट अशोकाच्या आज्ञेची होती. तो तुकडा आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आहे.

त्या आज्ञेत काय आहे, ठाऊक आहे? त्यात प्रवासाचीच गोष्ट आहे. अशोक सांगतो, पूर्वीचे राजे मौजेसाठी आणि शिकारीसाठी बाहेर पडत. मी मात्र धर्मयात्रा सुरू केली. वाटेत साधुसंतांना भेटावे, म्हाताऱ्यांना दान द्यावे, खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटून त्यांची विचारपूस करावी, अशी ती यात्रा.

दुसरे शहर पैठण. ते गोदावरीच्या काठी आहे. त्याचे जुने नाव प्रतिष्ठान. सातवाहन राजांची ती राजधानी. पुढे ते संत एकनाथांचे गाव म्हणून प्रसिद्ध झाले. फाल्गुन वद्य षष्ठीला तेथे नाथषष्ठीची मोठी यात्रा भरते. गावोगावच्या दिंड्या येतात. आज पैठण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. जवळच जायकवाडीचे मोठे धरण आहे.

सोपारा हे कोकणातले बंदर, पैठण ही देशावरची राजधानी. या दोन शहरांमध्ये पूर्वी बैलांचे तांडे चालत. तांड्याच्या पुढाऱ्याला सार्थवाह म्हणत. माल, माणसे, जनावरे, दाणापाणी, सगळ्याचा भार त्याच्यावर असे.

आज पैठणला मोटारीने एका दिवसात जाता येते. तरी पायी जाणारे लोक आहेतच. कोणी नाथांच्या दर्शनाला जातो. कोणाला जुनी वाट पाहायची हौस असते. पायी जायचे म्हटले की बेत नीट आखावा लागतो. तो कसा आखावा, ते या धड्यात पाहू.

२. वाट कुठून जाते

सोपाऱ्याहून चिंचोटी, कामण, भिवंडी करीत कल्याण गाठायचे. कल्याणहून मुरबाड. मुरबाडच्या पुढे वैशाखरे गाव लागते. तेथे सह्याद्री समोर भिंतीसारखा उभा राहतो.

मोटारींचा रस्ता येथून माळशेज घाटाने वर जातो. जुन्या तांड्यांची वाट नाणेघाटाने जाई. ही वाट पायी चढायची आहे. घाटात दगड बसवून पायऱ्या केल्या आहेत. माथ्यावर खडकात खोदलेली मोठी खोली आहे. तिच्या भिंतींवर लेख आहे. तो सातवाहनांची राणी नागनिका हिचा. राजघराण्याने कोणते यज्ञ केले, किती गाई, किती नाणी दान दिली, ते त्यात आकड्यांसह कोरले आहे. २००० वर्षांपूर्वीचा तो जमाखर्चच म्हणा ना!

माथ्यावर दगडाचा एक मोठा रांजणही आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे लोक सांगतात. आणखी एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. घाटात आणि माथ्याजवळ खडकात पाण्याची टाकी खोदली आहेत. वाट करणाऱ्यांनी वाटेबरोबर पाण्याची सोयही केली. बिनपाण्याची वाट काय कामाची?

घाट चढला की घाटघर. तेथून जुन्नर. पुढे आळेफाटा, बेल्हे, टाकळी ढोकेश्वर, भाळवणी करीत अहिल्यानगर, म्हणजे जुने अहमदनगर. तेथून शेवगाव आणि मग पैठण.

सगळे मिळून अंतर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर भरते. जुन्या हिशेबाने शंभर कोसांहून जास्त.

घाटापलीकडचा मुलूख आपल्यासारखा नाही. वसईत वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्याकडे विहिरी आहेत, बावखले आहेत, केळीच्या बागा आहेत. सह्याद्री ढग अडवतो. त्यामुळे पारनेर आणि नगर भागात पाऊस फार कमी, आपल्या साधारण चौथाई. तो मुलूख वाळवंट नव्हे. तेथे कष्टाळू शेतकरी राहतात, ज्वारी-बाजरी पिकवतात. पण फाल्गुनात ओढे कोरडे पडतात आणि सावली विरळ होते. बागाईतल्या माणसाने तेथे निष्काळजीपणे चालू नये.

पाणी नसलेल्या मुलखात कसे चालावे, हे वाळवंटातल्या लोकांना चांगले कळते. म्हणून आधी त्यांच्या दोन गोष्टी ऐका. मग आपला बेत करू.

३. वाटाड्या झोपला

ही गोष्ट जातककथांतली आहे. जातककथा म्हणजे बौद्धांच्या फार जुन्या गोष्टी.

एक सार्थवाह होता. तो पाचशे गाड्या घेऊन निघाला. वाटेत साठ योजनांचे वाळवंट होते. दिवसा वाळू निखाऱ्यासारखी तापे. म्हणून ते लोक दिवसा छत बांधून पडून राहत आणि रात्री चालत. गाड्यांवर पाणी, तांदूळ, तेल, लाकूडफाटा, सारे भरून घेतलेले असे.

वाळूत रस्ता कुठला दिसणार? पुढच्या गाडीवर एक वाटाड्या बसे. आपल्या कोळीवाड्यातला तांडेल जसा समुद्रात होडी हाकतो, तसा हा चांदण्या पाहून तांडा हाकी.

एकोणसाठ योजने झाली. एकच रात्र उरली. सार्थवाह म्हणाला, "आता उद्या गावात. पाणी आणि लाकडे टाकून द्या. ओझे हलके करा." लोकांनी सगळे फेकून दिले.

वाटाड्या कितीतरी रात्री झोपला नव्हता. त्या रात्री त्याचा डोळा लागला. बैल हळूहळू वळले आणि आल्या वाटेने मागे चालू लागले. कोणाच्या लक्षात आले नाही. पहाटे वाटाड्या जागा झाला. आभाळाकडे पाहतो तो चांदण्या उलट बाजूला. तो ओरडला, "गाड्या फिरवा! गाड्या फिरवा!" इतक्यात उजाडले. लोक पाहतात तो कालचाच मुक्काम! पाणी नाही, लाकूड नाही. माणसे गाड्यांखाली आडवी झाली. आता मरणच, असे त्यांना वाटले.

सार्थवाह तेवढा उठला. उन्हे तापायच्या आत हिंडून आला. एके ठिकाणी त्याला गवताचा झुबका दिसला. गवत आहे तर खाली पाणी असेल, असे म्हणून त्याने खणायला लावले. साठ हात खोल गेल्यावर खडक लागला. लोकांचा धीर सुटला. सार्थवाह खाली उतरला. त्याने खडकाला कान लावला. आत पाणी वाहत होते. त्याने एका पोराला घण मारायला सांगितला. खडक फुटला आणि पाणी वर आले.

गोष्ट गोड शेवटाची आहे. पण दर वेळी खडकाखाली पाणी मिळेलच, असे नाही. म्हणून या गोष्टीतल्या दोन चुका ध्यानात ठेवा.

पहिली चूक : पोहोचण्याआधी पाणी टाकून दिले.
दुसरी चूक : एवढ्या तांड्यात वाट एकालाच ठाऊक होती आणि त्याला बदली माणूस नव्हता.

४. चिठ्ठीने पाणी आणले

दुसरी गोष्ट खरी घडलेली आहे. इब्न बतूता नावाचा मोरोक्को देशाचा प्रवासी होता. तो हिंदुस्थानातही येऊन गेला. आपले दौलताबाद त्याने पाहिले होते. १३५२ साली तो सहारा नावाच्या मोठ्या वाळवंटातून गेला. सिजिलमासा शहराहून निघाला आणि दोन महिन्यांनी वलाता शहरी पोहोचला. व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर हा प्रवास झाला.

त्या तांड्याचा वाटाड्या एका डोळ्याने आंधळा होता. दुसरा डोळाही अधू होता. तरी वाट त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. वाटाड्याची पारख त्याच्या रूपावरून करू नये, ती अशी.

वाटेत दोघा नातेवाइकांचे भांडण झाले. त्यातला एक रागाने मागे राहिला. तो चुकला आणि पुन्हा सापडला नाही. इब्न बतूता लिहितो की, त्या दिवसापासून मी तांड्याच्या पुढेही गेलो नाही आणि मागेही राहिलो नाही.

सर्वांत कठीण टप्पा शेवटचा होता. त्याआधी तांडा एका पाणवठ्यावर तीन दिवस थांबला. लोकांनी पखाली शिवल्या, दुरुस्त केल्या, भरून घेतल्या. तेथून एक जासूद पुढे पाठवण्याची रीत होती. व्यापारी त्याच्याजवळ वलात्यातल्या ओळखीच्या लोकांना चिठ्ठ्या देत. चिठ्ठीत लिहीत, आम्ही येत आहोत, आमच्यासाठी घर पाहून ठेवा, आणि पाणी घेऊन सामोरे या.

चिठ्ठी पोहोचली म्हणजे वलात्याचे लोक पाणी घेऊन चार रात्रींच्या वाटेवर तांड्याला सामोरे येत. जासूद वाटेत मेला, तर चिठ्ठी पोहोचत नसे. मग वलात्याला तांड्याची खबरच नसे. तांड्यातली बरीच माणसे तहानेने मरत. म्हणून जासुदाला मजुरी मोठी मिळे. इब्न बतूताच्या वेळी सोन्याच्या शंभर नाण्यांइतकी मजुरी ठरली होती.

मंडळी, पाहा. वाळवंटात तांड्याचा जीव एका कागदावर होता. तांडा मागे, चिठ्ठी पुढे. आपल्यालाही हेच करायचे आहे.

५. बेत बसवू या

समजा, आपल्या गावातले पंधरा जण नाथषष्ठीला पायी जायचे म्हणतात. संध्याकाळी सगळे ओटीवर जमले आहेत.

एक तरुण म्हणतो, "काका, त्यात बेत कसला? सरळ चालत सुटायचे. वाटेत गावे आहेत, लोक आहेत. विचारत विचारत जाऊ."

काका म्हणतात, "बाबा रे, विचारायला माणूस भेटतो तेव्हा विचारता येते. दुपारी बारा वाजता माळावर कोणाला विचारशील?"

एक वहिनी नुकतीच लिहायला शिकली आहे. ती वही उघडून म्हणते, "काका, तुम्ही सांगा, मी लिहिते. आधी दिवस मोजू."

मग दिवस असे बसतात :

सोपारा ते कल्याण : ३ दिवस. पाय अजून तयार नसतात. चाल थोडी ठेवावी.
कल्याण ते वैशाखरे : ३ दिवस.
नाणेघाट चढून घाटघर : १ दिवस. अंतर थोडे, चढ मोठा.
घाटघर ते जुन्नर : २ दिवस.
जुन्नरला विसावा : १ दिवस.
जुन्नर ते अहिल्यानगर : ५ दिवस.
अहिल्यानगरला विसावा : १ दिवस.
अहिल्यानगर ते पैठण : ५ दिवस.

बेरीज करा. २१ दिवस झाले. त्यांतले चालायचे दिवस १९. म्हणजे रोजची चाल सरासरी १७ किलोमीटर पडते. सहा-सात कोस कोणी चालेल, पण रोज रोज चालवत नाही. म्हातारे, बाया, पायाला फोड आलेला माणूस, यांच्या पायाने हिशेब करावा. सर्वांत जलद चालणाऱ्याच्या पायाने करू नये.

आता २ दिवस हाताशी राखून ठेवा. कोणाला ताप येईल, कोणाचा पाय मुरगळेल. २१ आणि २ मिळून २३ दिवस झाले. षष्ठीच्या आदल्या दिवशी पोहोचायचे तर तेथून २३ दिवस मागे मोजा. महाशिवरात्रीच्या सुमाराला सोपारा सोडावा लागतो.

वहिनी विचारते, "काका, पहाटे निघायचे ना? मग उजेडाचे काय?"

हा प्रश्न फार चांगला. चंद्राचा हिशेबही लिहून ठेवावा. जुन्नर सोडाल तेव्हा शुद्ध पक्ष असेल. संध्याकाळी चांदणे मिळेल, पण पहाटेआधी चंद्र मावळेल. त्या टप्प्यात विजेरी पाहिजे. होळी अहिल्यानगरच्या पुढे होईल. होळीनंतर पहाटेला आभाळात चंद्र असतो. शेवटचा टप्पा चांदण्यात चालता येईल.

चालण्याची वेळ अशी ठेवा : पहाटे चारला उठावे, साडेचारला निघावे. साडेनऊ-दहापर्यंत चालावे. मग सावली धरावी. उरलेली चाल ऊन उतरल्यावर करावी. अंधारात चालताना पांढरे कपडे घालावे. डांबरी सडकेवर उजव्या बाजूने, एका रांगेत चालावे. म्हणजे समोरून येणारी मोटार आपल्याला दिसते.

६. पाण्याचा हिशेब

उन्हात चालणाऱ्या माणसाला दिवसाला पाच-सहा लिटर पिण्याचे पाणी लागते. आपण सहा धरू.

माणसे १५. पाणी प्रत्येकी ६ लिटर. १५ गुणिले ६ म्हणजे ९० लिटर. हे एका दिवसाचे.

जुन्नरच्या पुढे एखाद्या गावी टाकी कोरडी निघाली, टँकर आला नाही, असे होऊ शकते. म्हणून दोन दिवसांचे पाणी बरोबर पाहिजे. ९० दुणे १८०. त्यावर एका दिवसाचे राखीव, आणखी ९०. एकूण २७० लिटर. वीस लिटरचे कॅन घेतले तर १४ कॅन लागतील. हे ओझे माणसांनी वाहायचे नाही. सामानाचा टेम्पो बरोबर असतो, त्यात ठेवायचे. प्रत्येकाच्या खांद्याला मात्र दोन लिटर असलेच पाहिजेत. टेम्पो बंद पडला तर तेवढेच पाणी आपले.

राखीव कॅनवर रंगाने खूण करा. ते कॅन पैठण दिसेपर्यंत फोडायचे नाहीत. "आता काय, आलेच गाव!" असे कोणी म्हणू लागला, की त्याला गाड्या उलट्या फिरल्याची गोष्ट सांगा.

पाणी कोठेही भरताना विचारून भरावे. टंचाईच्या गावात पंधरा माणसांचे पाणी म्हणजे लहान गोष्ट नाही. आंघोळीला आणि कपड्यांना ते पाणी वापरू नये. त्या गावची बाई दुरून हंडा आणते, हे विसरू नये.

खाण्याचेही असेच. चपात्या, ज्वारीच्या भाकऱ्या, गूळ, शेंगदाणे बरोबर असावे. वसईची सुकेळी तर प्रवासाला फार सोयीची. वजन थोडे, नासण्याची भीती कमी, पोटाला आधार चांगला.

७. वाटाड्या कसा निवडावा

मोठ्या सडकेवर वाटाड्याची गरज थोडी. नाणेघाटाच्या चढाला मात्र त्या भागातला माणूस घ्यावाच. पुढच्या कोरड्या मुलखातही वाटेवरच्या गावचा माणूस बरोबर असला तर पाणी आणि सावली सापडते.

वाटाड्याला आधी भेटावे. त्याला हे प्रश्न विचारावे :

तुम्ही या वाटेने शेवटचे कधी गेलात?
आता, या महिन्यात, पाणी कोठे कोठे आहे?
एखादे टाके आटले तर दुसरे पाणी किती लांब?
माणूस आजारी पडला तर जवळचा दवाखाना कोणता, गाडी कोठपर्यंत येते?
तुम्हाला काही झाले तर वाट दाखवील असा दुसरा कोण?

शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नये. त्यात वाटाड्याचा अपमान नाही. झोप सगळ्यांना येते.

मजुरी आधी ठरवावी. रोजचे किती, जेवण कोणाचे, परतीचे भाडे कोण देणार, हे कागदावर लिहावे. दोघांनी वाचावे आणि दोघांनी सही करावी. एकाजवळ एक प्रत, दुसऱ्याजवळ दुसरी. मग शेवटी बोलाचाल होत नाही.

वाटाड्या पुढे चालेल. आपल्यातला एक भरवशाचा माणूस सर्वांच्या मागे चालेल. त्याच्या मागे कोणी राहायचे नाही. सकाळी निघताना, दुपारी उठताना, रात्री मुक्कामाला माणसे मोजायची. पंधरा म्हणजे पंधरा. भांडण झाले तरी मुक्कामाला भांडावे, वाटेत रुसून मागे राहू नये.

बेताचा कागद एकाच्याच खिशात राहता कामा नये. त्याच्या चार-पाच प्रती करा. रोज रात्री उद्याचा बेत मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येते त्यांनी आळीपाळीने वाचावा. ज्यांना येत नाही त्यांनी ऐकून पाठ सांगावा. वाट सगळ्यांना ठाऊक असली, की वाटाड्याचा डोळा लागला तरी तांडा उलटा फिरत नाही.

८. ऊन लागले तर

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायांत गोळे येणे, फार घाम येणे, ही उन्हाची पहिली खूण. माणसाला लगेच सावलीत बसवा. चालणे थांबवा. मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे पाजा. ते असे करायचे : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. मीठ जास्त घालू नका. माप चुकू नका.

अंग भाजल्यासारखे तापले, माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याची शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. त्यात जीव जातो. एक घटकाही दवडू नका. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत सावलीत अंगावर पाणी ओता, ओल्या फडक्याने पुसा, वारा घाला. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनळीत जाईल.

अशा वेळी राखीव पाणी फोडावे. ते त्यासाठीच आहे.

९. आता चिठ्ठी

मुक्कामाच्या प्रत्येक गावी निघण्याआधी महिनाभर चिठ्ठी गेली पाहिजे. आज फोन आहेत. फोनही करावा. पण फोनवरचे बोलणे विसरले जाते. कागद ग्रामपंचायतीत राहतो, दुसऱ्या माणसालाही वाचता येतो. वहिनीने अशी चिठ्ठी लिहिली :

मा. सरपंच,
ग्रामपंचायत टाकळी ढोकेश्वर,
तालुका पारनेर, जिल्हा अहिल्यानगर.

स. न. वि. वि.

आम्ही वसई तालुक्यातील १५ माणसे नाथषष्ठीसाठी पैठणला पायी जात आहोत. त्यांत ६ बाया आणि ४ म्हातारी माणसे आहेत. फाल्गुन शुद्ध दशमीला संध्याकाळी आपल्या गावी मुक्कामाला येऊ. सकाळी निघू.

आम्हाला रात्री टेकायला शाळा, देऊळ किंवा समाजमंदिर यांपैकी जागा मिळावी. पिण्याचे पाणी ९० लिटर लागेल. आपल्याकडे टंचाई असल्यास तसे कळवावे, म्हणजे आम्ही आधीच्या गावाहून पाणी भरून आणू. शिधा आमचा आहे. जागा झाडून, स्वच्छ करून निघू.

दोन दिवस उशीर झाला तर वाटेतून फोन करू. एकादशीच्या रात्रीपर्यंत आमची काहीच खबर आली नाही, तर कृपा करून बेल्ह्याच्या बाजूला चौकशी करावी.

आपली,
(सही, गाव, फोन)

ही चिठ्ठी पुन्हा वाचा. किती माणसे, कोणत्या दिवशी, काय पाहिजे, काय नको, सारे तिच्यात आहे. "टंचाई असल्यास कळवावे" या ओळीने समोरच्याचा मान राखला. आणि शेवटची ओळ सर्वांत मोलाची. आपण आलो नाही हे कोणाच्या तरी ध्यानात आले पाहिजे. ध्यानात आले तरच कोणी शोधायला निघेल.

अशीच एक चिठ्ठी घरीही ठेवा. तिच्यात रोजच्या मुक्कामाचे गाव लिहा.

राजस्थानच्या वाळवंटात जा, हिमालयात जा, नाही तर पैठणला जा. रीत एकच आहे. पाणी मोजावे, वाट सगळ्यांना ठाऊक असावी, आणि आपल्याआधी आपली खबर पुढे पोहोचावी. पूर्वी गावात एखाद्यालाच लिहिता येई. मग चिठ्ठीसाठी त्याच्या दारी जावे लागे. आता तुम्हाला लिहिता येते. तुमची चिठ्ठी तुम्हीच लिहा.

१०. तुम्ही करा

१. तुमच्या गावाहून दुसऱ्या गावी पायी जायचे आहे. माणसे २०, दिवस ३. पिण्याचे पाणी किती लागेल? राखीव एका दिवसाचे धरून हिशेब मांडा.

२. गोष्टीतल्या तांड्याने पाणी कधी टाकले? का टाकले? तुम्ही असता तर काय केले असते?

३. वलात्याचे लोक पाणी घेऊन सामोरे कशामुळे आले?

४. वाटाड्याला विचारायचे पाच प्रश्न न पाहता लिहा. त्यांत तुमचा एक प्रश्न घाला.

५. वाटेवरच्या एका गावच्या सरपंचाला चिठ्ठी लिहा. शेजाऱ्याला वाचायला द्या. त्याला जे कळले नाही, ते सुधारून पुन्हा लिहा.

शब्दांचे अर्थ

सार्थवाह : तांड्याचा पुढारी.
योजन : अंतराचे जुने माप. एका योजनात काही कोस असत.
कोस : साधारण तीन किलोमीटर.
पखाल : पाणी भरण्याची कातड्याची पिशवी.
जासूद : निरोप किंवा चिठ्ठी पोहोचवणारा.
बावखल : वसईकडचे गोड्या पाण्याचे तळे.